पूर्वग्रह कमी करायचा की भेदभाव थांबवायचा? सुरुवात कुठून करावी

प्रश्न असा आहे: संस्थेत पूर्वग्रहांवर कार्यशाळा झाल्या, लोकांनी मनापासून भाग घेतला, तरी भरती, बढती आणि कामाचं वाटप यांत ठराविक गटांतली माणसं मागेच राहतात. मग माणसांची मनं बदलायला आणखी जोर लावायचा, की दुसरं काही करायचं?

माझं उत्तर स्पष्ट आहे. निर्णय ज्या पद्धतीने होतात ती पद्धत आधी दुरुस्त करा. मनं बदलण्याचं काम सोबत चालू द्या, पण भेदभाव थांबवण्याची भिस्त त्यावर ठेवू नका. यामागे जवळपास नव्वद वर्षांचं संशोधन आहे आणि त्यातला बराचसा भाग कार्यशाळांमध्ये सांगितलाच जात नाही.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एखाद्या गटाबद्दलची साचेबद्ध समजूत म्हणजे 'ते लोक असे असतात' ही कल्पना. पूर्वग्रह म्हणजे त्या गटाबद्दलची भावना: नावड, भीती, कीव, कधी मत्सर. भेदभाव म्हणजे प्रत्यक्ष कृती: अर्ज बाजूला ठेवणं, घर नाकारणं, अवघड काम न सोपवणं. एकीतून दुसरी आपोआप निघते असं आपण धरून चालतो, पण हे दुवे फार सैल आहेत. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३०च्या दशकात एका चिनी दांपत्यासोबत अमेरिकेत प्रवास केला. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून चिनी पाहुणे चालतील का असं विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' कळवलं. या अभ्यासात त्रुटी आहेत. पत्राला उत्तर देणारी व्यक्ती आणि दारात स्वागत करणारी व्यक्ती एकच होती असं नाही, शिवाय स्वतः लापिएर, एक गोरा माणूस, सोबत होते. तरीही माणूस जे म्हणतो आणि जे करतो त्यांत अंतर असतं, हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा दिसून आला.

आज हे अंतर बहुधा उलट्या दिशेचं असतं. बोलणं समतेचं असतं, निर्णय तसा नसतो. डोव्हिडिओ आणि गर्टनर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग निवड समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. गोऱ्या विद्यार्थ्यांना उमेदवारांची माहिती देऊन शिफारस करायला सांगितलं होतं. उमेदवार उघडपणे उत्तम असेल तर वर्णाने फरक पडला नाही. उघडपणे कमकुवत असेल तरीही नाही. पात्रता मधली, दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी होती, तिथे मात्र कृष्णवर्णीय उमेदवाराची शिफारस स्पष्टपणे कमी झाली. १९८९ आणि १९९९ या दोन्ही वेळच्या विद्यार्थ्यांची तुलना केली तर उघड पूर्वग्रह कमी झाला होता, पण या मधल्या पट्ट्यातला भेदभाव जवळपास तसाच होता.

व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे. संशयाचा फायदा कोणाला मिळतो, इथे भेदभाव लपतो. निर्णय घेणाऱ्याकडे प्रत्येक वेळी एखादं सभ्य कारण असतं, 'अनुभव थोडा कमी वाटला', 'टीममध्ये रुळेल का शंका आहे', आणि ते कारण त्याला स्वतःलाही खरंच वाटत असतं. म्हणून 'तुम्ही भेदभाव करता' असं सांगून काही होत नाही. त्याला स्वतःच्या मनात तसं काही सापडत नाही. एका माणसाच्या एका निर्णयात तो सिद्धही करता येत नाही. तो दिसतो अनेक निर्णय एकत्र ठेवले की.

म्हणूनच या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा जोडअर्जांच्या प्रयोगांतून आला आहे. पात्रता तीच ठेवायची, फक्त नाव बदलायचं, आणि कोणाला बोलावणं येतं ते मोजायचं. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत सुमारे ५००० अर्ज पाठवले (२००४ साली प्रसिद्ध). गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के वेळा उत्तर आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना ६.४५ टक्के वेळा. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे अर्जाचा दर्जा वाढवल्याचा फायदा पहिल्या गटाला ठळक मिळाला, दुसऱ्याला फारच थोडा. 'पात्रता वाढवा, बाकी आपोआप होईल' हा सल्ला किती अपुरा आहे ते यातून कळतं. भारतात थोरात आणि अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अशाच पद्धतीने ४८०८ अर्ज पाठवले (२००७ साली प्रसिद्ध). उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. आणि काळ गेला की हे आपोआप विरतं असंही नाही. अमेरिकेतल्या १९८९ नंतरच्या अशा प्रयोगांचा क्विलियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एकत्रित आढावा घेतला. गोऱ्या अर्जदारांना कृष्णवर्णीयांपेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त बोलावणी येत होती, आणि पंचवीस वर्षांत हा फरक कमी झाल्याचं दिसलं नाही.

आता समजुती टिकतात कशा, कारण उपाय नेमका लावायचा तर हे माहीत हवं. पहिलं म्हणजे गट पडायला फार कमी पुरतं. ताजफेल आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीनुसार गट पाडले आहेत असं सांगितलं. गट पाडले होते वाटेल तसे. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं आणि स्वतःला काही मिळणार नव्हतं, तरी पैसे वाटताना कल स्वगटाकडे होता. दोन्ही गटांना मिळून जास्त पैसे देणारे पर्याय असतानाही परगटापेक्षा आपला गट वरचढ राहील, अशा पर्यायांकडे मुलं झुकत होती. द्वेष नसतानाही भेदभाव होऊ शकतो. त्याची सुरुवात पुष्कळदा परक्यांना त्रास देण्यातून होत नाही, आपल्यांना सूट देण्यातून होते.

दुसरं, आपली मोजदाद चुकते. हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी १९७६ साली लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दल वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाबद्दल १८ चांगली आणि ८ वाईट, लहान गटाबद्दल ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण अगदी सारखं. तरी लोकांना लहान गट जास्त वाईट वागतो असं वाटलं, कारण दुर्मीळ गट आणि दुर्मीळ वर्तन एकत्र आलं की ते लक्षात ठसतं. संस्थेत ज्या गटाची तीनच माणसं आहेत, त्यांच्यातल्या एकाची चूक सगळ्यांना वर्षभर आठवते ती याचमुळे.

तिसरं, भाषा. आन मास आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली इटलीत दाखवलं की आपल्या माणसाचं चांगलं वागणं आपण गुण म्हणून सांगतो आणि वाईट वागणं फक्त घटना म्हणून. परक्यांच्या बाबतीत उलट. वार्षिक मूल्यमापनाचे अहवाल काढून पाहा. एकाबद्दल 'मार्चमधला अहवाल दोन दिवस उशिरा दिला', दुसऱ्याबद्दल 'वेळेचं भान नाही'. घडलेली गोष्ट एकच असते. पहिलं वाक्य पुढच्या वर्षी पुसलं जातं, दुसरं कायम चिकटतं.

चौथं, अपवाद वेगळे काढण्याची सोय. समजुतीला छेद देणारी एखादी व्यक्ती भेटली की मन म्हणतं, 'हा वेगळा आहे, बाकीचे तसेच.' वेबर आणि क्रॉकर यांनी १९८३ साली दाखवलं की समजुतीविरुद्धची माहिती दोन-चार जणांत एकवटली असेल तर ते लोक अपवाद ठरतात आणि समजूत शाबूत राहते. तीच माहिती अनेकांत विखुरलेली असेल तर समजूत जास्त बदलते. एखाद्या गटाची एकच चमकदार व्यक्ती प्रत्येक व्यासपीठावर बसवण्याचा उपाय म्हणूनच फसतो. साधारण, वेगवेगळ्या स्वभावाची, वेगवेगळ्या कामांत असलेली अनेक माणसं दिसायला हवीत.

सगळ्या समजुती एका रंगाच्या नसतात, हेही विसरू नये. फिस्क, कडी, ग्लिक आणि शू यांच्या २००२च्या मांडणीनुसार आपण गटांना दोन कसोट्यांवर तोलतो: हे लोक आपुलकीचे आहेत का, आणि हे सक्षम आहेत का. आपुलकीचे पण कमी सक्षम, अशी प्रतिमा असलेल्यांच्या वाट्याला कीव येते. सक्षम पण थंड, अशा प्रतिमेच्या लोकांना आदर मिळतो, पण त्यात मत्सर आणि संशय मिसळलेला असतो. तक्रार निवारणात पहिला प्रकार सर्वांत जास्त निसटतो, कारण तो मायेने केला जातो. 'तिच्यावर एवढा भार नको', 'त्यांना जमणार नाही, उगाच ताण' असं म्हणत बढतीला लागणारा अनुभवच काढून घेतला जातो, आणि दोन वर्षांनी अनुभव नाही म्हणून बढती नाकारली जाते.

ही साखळी किती पक्की होते ते ग्लोव्हर, पॅलेस आणि परियेन्ते यांच्या २०१७च्या फ्रान्समधल्या अभ्यासात दिसतं. एका किराणा दुकानसाखळीत रोखपालांच्या पाळ्या जवळजवळ योगायोगाने वेगवेगळ्या व्यवस्थापकांकडे जात. जास्त पूर्वग्रह असलेल्या व्यवस्थापकाच्या पाळीत अल्पसंख्याक रोखपालांच्या गैरहजेऱ्या वाढत, वस्तू स्कॅन करण्याचा वेग घटे. व्यवस्थापक त्यांना छळत होते असा पुरावा नव्हता. ते त्यांच्याशी कमी बोलत आणि कमी लक्ष देत. म्हणजे ज्या आकडेवारीकडे बोट दाखवून 'बघा, कामच कमी आहे' असं म्हणता येईल, ती आकडेवारीच पूर्वग्रहाने तयार झालेली असू शकते.

मग कार्यशाळा? एखादा गट आणि चांगले-वाईट गुण यांची मनात नकळत किती घट्ट जोडी आहे हे मोजणारी प्रसिद्ध चाचणी ग्रीनवाल्ड, मॅकगी आणि श्वार्त्स यांनी १९९८ साली मांडली. समूहांच्या अभ्यासाला ती उपयोगी आहे. पण एकाच माणसाची दोन वेळची गुणसंख्या एकमेकींशी बेताचीच जुळते, म्हणून तिच्यावरून कोणावरही शिक्का मारू नका आणि कोणाला निर्दोषही ठरवू नका. लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हा नकळतचा कल कमी करण्याचे नऊ उपाय तपासले. सगळ्यांचा तात्काळ परिणाम दिसला, आणि काही तासांत ते काही दिवसांत तो ओसरला. फोर्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ४९२ अभ्यास एकत्र केले. चाचणीतले आकडे हलवता येतात, पण त्यामुळे वागणं बदलतं असं आढळलं नाही. डॉबिन, कालेव आणि केली यांनी २००६ साली अमेरिकेतल्या ७०८ आस्थापनांची तीस वर्षांची माहिती तपासली. व्यवस्थापकांच्या रचनेत बदल घडवण्यात प्रशिक्षण सर्वांत कमी प्रभावी ठरलं आणि ठोस जबाबदारी नेमून देणं सर्वांत जास्त. कार्यशाळा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण तासाभराच्या सत्राकडून वर्षभराच्या निर्णयांची अपेक्षा करू नका. 'पूर्वग्रह सगळ्यांच्याच मनात असतात' एवढंच सांगून सत्र संपवू नका, कारण त्यातून 'मग चालायचंच' असा अर्थ सहज निघतो.

निर्णयाची पद्धत दुरुस्त करणं म्हणजे नेमकं काय, ते भरतीच्या उदाहरणाने सांगतो. बढती, प्रवेश, शिष्यवृत्ती यांनाही हेच लागू होतं.

एकही अर्ज उघडण्याआधी निकष आणि त्यांचं वजन लिहून ठेवा. उलमान आणि कोहेन यांच्या २००५च्या प्रयोगात पोलीस प्रमुखाच्या जागेसाठी पुरुष उमेदवार शिकलेला असेल तर लोकांना शिक्षण महत्त्वाचं वाटलं; तो रस्त्यावरचा अनुभव असलेला असेल तर अनुभव. म्हणजे निकष पुरुष उमेदवाराच्या सोयीने वळत होते. निकष आधी ठरवून घेतले तेव्हा हा भेदभाव नाहीसा झाला. चार ते सहा निकष पुरतात. 'संस्थेच्या वातावरणात बसेल का' हा निकष काढून टाका, किंवा त्याचं दिसणाऱ्या वर्तनात रूपांतर करा: मतभेद झाल्यावर काय केलं, चूक कळल्यावर कोणाला सांगितलं.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि १, ३ व ५ गुणांचं उत्तर कसं असेल ते आधी लिहिलेलं. गुण उत्तर ऐकल्याबरोबर द्यायचे, मुलाखत संपल्यावर एकत्रित छाप आठवून नाही. प्रत्येक सदस्याने स्वतंत्र गुण भरून दिल्याशिवाय चर्चा सुरू करायची नाही, आणि चर्चेत सर्वांत वरिष्ठाने शेवटी बोलायचं. नाहीतर समितीत पाच माणसं असली तरी मत एकाचंच राहतं. उमेदवार शक्यतो एकेकटे न तपासता शेजारी ठेवून तपासा. बोनेट, व्हान गीन आणि बेझरमन यांनी २०१६ साली दाखवलं की एकेकट्या मूल्यमापनात लोक लिंगाधारित समजुतीवर विसंबले, तर तुलना समोर असताना प्रत्यक्ष कामगिरीवर.

जबाबदारीची जाणीव निर्णयाआधी द्यावी लागते. 'तुमचं कारण एका त्रयस्थाला समजावून सांगावं लागेल' हे आधी माहीत असेल तर माणूस काळजीपूर्वक विचार करतो. निर्णय झाल्यावर विचारलं तर तो फक्त समर्थन रचतो. त्या त्रयस्थाचं मत काय आहे हे आधी कळलं, तर त्याला आवडेल तेच लिहिलं जातं. हिशेबही निकालाचा न मागता पद्धतीचा मागावा.

इथे एक मोठा खड्डा आहे: माहिती झाकणं. नाव किंवा पार्श्वभूमी लपवली की न्याय होईल, हे ऐकायला पटतं, पण तपासल्याशिवाय करू नका. अमेरिकेत अर्जावर गुन्ह्याची पूर्वनोंद विचारायला काही ठिकाणी बंदी आली. हेतू चांगला होता. एगन आणि स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क शहरात सुमारे १५,००० अर्ज पाठवून पाहिलं (२०१८ साली प्रसिद्ध), तेव्हा बंदीआधी गोऱ्यांना तशाच कृष्णवर्णीय अर्जदारांपेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी येत होती, बंदीनंतर ४३ टक्के. खरी माहिती मिळेना तेव्हा मालकांनी ती जागा गटाबद्दलच्या समजुतीने भरली. फ्रान्समधल्या नावाविना अर्जांच्या प्रयोगातही स्वेच्छेने सामील झालेल्या कंपन्यांत अल्पसंख्याक उमेदवारांचं उलट नुकसान झालं. अर्जातल्या उणिवांकडे त्यांची परिस्थिती ओळखून सहानुभूतीने पाहण्याची वाटच बंद झाली, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं. माझा सल्ला: कामाशी संबंध नसलेली माहिती झाका, पण त्याच वेळी कामाशी थेट संबंध असलेली माहिती वाढवा, उदाहरणार्थ कामाचा छोटा नमुना करून घ्या.

मोजणी टप्प्याटप्प्याने करा. एका गटाचे २०० अर्ज आले आणि ६० जण मुलाखतीला आले, तर दर ३० टक्के. दुसऱ्या गटाच्या १०० पैकी १८ आले, तर १८ टक्के. गुणोत्तर ०.६. अमेरिकेत १९७८ पासून ०.८ च्या खाली गुणोत्तर गेलं की चौकशीचा इशारा मानतात. तो पुरावा नाही, खूण आहे. अर्ज, मुलाखत, निवड, पहिली बढती, राजीनामा अशा प्रत्येक टप्प्यावर वेगळा हिशेब ठेवा. एकूण आकडा ठीक दिसत असताना एखाद्या टप्प्यावर गळती चालू असते. आणि दहा-बारा जणांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन वर्षांची माहिती एकत्र करा.

मनांवर काम करायचं असेल तर सर्वांत भरवशाचा मार्ग एकत्र कामाचा आहे. गटागटांतल्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला काय लागतं, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांनी १९५४ साली सांगितल्या होत्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य, आणि वरिष्ठांचा पाठिंबा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा संपर्क आणि पूर्वग्रह यांचा सहसंबंध सरासरी उणे ०.२१ इतका निघाला, म्हणजे संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी. खरा, पण माफक. संपर्काचा प्रकार मात्र निर्णायक ठरतो. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १२६१ तरुणांना क्रिकेट लीगमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं (२०२१ साली प्रसिद्ध). वेगवेगळ्या जातींचे खेळाडू एकाच संघात असले की मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत असले की तो फायदा तर झाला नाहीच, उलट काही बाबतींत परिणाम विरुद्ध दिशेने गेला. विभागाविभागांत चुरस लावून 'लोक मिसळतील' अशी आशा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सलमा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले (२०२०). ख्रिस्ती खेळाडूंचं मैदानाशी जोडलेलं वागणं सुधारलं आणि काही महिने टिकलं, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ते फारसं पोहोचलं नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास पश्चिम बंगालचा आहे. तिथे ग्रामपंचायत प्रमुखाची पदं स्त्रियांसाठी आळीपाळीने राखीव झाली. बीमन आणि सहकाऱ्यांनी (२००९) गावकऱ्यांना एकच भाषण पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजात ऐकवलं. जिथे कधी स्त्री प्रमुख नव्हती, तिथे पुरुषांनी स्त्रीचा आवाज कमी प्रभावी ठरवला. जिथे होती, तिथे हा फरक जवळपास गेला. आणि तरीही 'नेता पुरुषच बरा' ही आवड तशीच राहिली. भावना हलली नाही, पण कामाचं मूल्यमापन सुधारलं. पद्धत आधी बदलावी, मन मागून येईल तेव्हा येईल, असं मी म्हणतो ते यामुळे.

शेवटी तक्रारींबद्दल. 'आमच्याकडे भेदभावाची एकही तक्रार नाही' हे वाक्य पुरावा म्हणून मांडू नये. कायझर आणि मिलर यांच्या २००१च्या प्रयोगात अपयशाला भेदभाव कारणीभूत आहे असं म्हणणारी व्यक्ती लोकांना कुरकुरी वाटली, आणि भेदभाव झाल्याची शक्यता फार मोठी होती तेव्हाही वाटली. सोसणाऱ्याला हे पुरतं माहीत असतं, म्हणून तो गप्प राहतो. तक्रारदाराने हेतू सिद्ध करावा अशी अट ठेवलीत तर कोणीही पुढे येणार नाही, कारण हेतू बहुतेक वेळा करणाऱ्यालाही दिसत नाही. त्याऐवजी चौकशीत एवढंच पाहा: या पदासाठी निकष आधी लिहिले होते का, ते सर्वांना सारखे लावले का, आणि तशाच पात्रतेच्या इतरांचं काय झालं. ही तिन्ही उत्तरं कागदपत्रांतून मिळतात, आणि ती शोधण्याचं काम तक्रारदारावर न टाकता संस्थेने स्वतः, लेखी मुदतीत करावं.